नाकाच्या उंचीवर

निफाडला पारा चारवर आला त्या रात्री
साहेबांचा फोन: चांगुणाबाई, सगळे पडदे सोडा,
एक फट ठेवू नका.
सोडले. दोऱ्या खुंट्यांना गुंडाळल्या,
ताडपत्री फाटली होती तिथं
पेंडीच्या रिकाम्या गोण्या कोंबल्या.

बाहेर द्राक्षबागांतून शेकोट्या.
घडांना गारठा बाधू नये म्हणून
माणसं रात्रभर धुरात खोकत बसलेली.
आत एकशे चाळीस डुकरं,
त्यांतल्या सहा नुकत्या व्यालेल्या,
आणि मी.

तापमापक दाराजवळच्या खांबावर,
बरोबर माझ्या डोळ्यांसमोर.
अकराला बावीस.
एकला बावीस.
वहीत लिहिलं, ठीक. खाली पुन्हा, ठीक.

दोनच्या सुमाराला खोकला.
डुकराचा खोकला माणसासारखाच,
फक्त कुणी पाणी विचारत नाही.
एक खोकलं, मग कोपऱ्यातलं,
मग वर्गात एकाला आला की सगळ्यांना येतो तसं.
बॅटरी मारली.
डोळ्यांखाली तपकिरी ओघळ,
रडून वाळलेल्या काजळासारखे.
पाचव्या खणात एकाची शेपटी
दुसऱ्याच्या तोंडात, रक्ताळलेली.
वहीत याला रकाना नव्हता.

मला वास येत नव्हता, खरं सांगते.
चार वर्षांत माझ्या नाकानं
या हवेशी सोयरीक केली आहे.
मला वास कळतो तो पेठच्या एसटीत,
शेजारची बाई पदर नाकाला लावते तेव्हा.

एक पिलू आईच्या पाठीखाली अडकलं.
ओढायला गुडघ्यांवर बसले,
मग कोपरांवर,
गाल जवळजवळ फरशीला.
आणि चार वर्षांत पहिल्यांदा
त्यांच्या नाकाच्या उंचीवर श्वास घेतला.

घेतला म्हणजे,
अर्धाच घेता आला.
घशात कुणी चुना फासावा तसं झालं,
डोळे आपोआप मिटले.
ओल्या फरशीचा गारवा हाडात,
आणि मुताची वाफ त्या गारव्यावर
पांघरुणासारखी पसरलेली.
बावीस कुठलं!
बावीस उभ्या माणसाचं होतं.

परकराची नाडी काढली,
तापमापक तिला बांधून खणात सोडला,
पिलांच्या पाठींना लागेल इतका.
पंधरा.

आता काय करावं?
उघडावं तर पिलं काकडतील,
झाकावं तर कोंडमारा.
विचार करायला वेळ नव्हता, झाडू होता.
नाल्या ओढल्या, ओलं बाहेर लोटलं,
माहेरून आणलेला भाताचा पेंढा
जाडसर अंथरला,
आणि शिडीवर चढून पडद्याची फक्त वरची कड
वीतभर सोडली, पत्र्याच्या वळचणीला.
जड हवा कुरकुरत निघाली,
धूर निघावा तशी.

(वैशाखात याच्या उलटं असतं.
त्यांच्या अंगाला घाम फुटत नाही.
चिखल नाही मिळाला की
आपल्याच घाणीत लोळतात बिचारी,
आणि लोक म्हणतात, जातच घाणेरडी.)

मग बादली पालथी घालून बसले
आणि पिलं कशी निजतात ते पाहिलं.
एकावर एक रचली तर गारठा.
लांब लांब, भिंतीला तोंड करून, तर उकाडा.
चारच्या पुढं ती
कुशीला कूस लावून पडली,
कुणी कुणावर नाही,
एकाचा कान दुसऱ्याच्या श्वासानं हलतोय.
काचेतल्या पाऱ्यापेक्षा
मला हा बरा वाचता येतो.

सकाळी साहेब आले, बूट न काढता.
हे खाली का टांगलंय?
आता आकडा बघायचा कसा?
म्हटलं, वाकून.

ते वाकले नाहीत.
पेंडीचा हिशेब विचारला, मार्चातल्या ट्रकचं बोलले,
किती भरतील, किती किलोची.
मी हो हो म्हटलं.
ट्रक येणारच आहे. तोवर अडीच महिने आहेत.

ते गेल्यावर वही उघडली.
सहा वाजता, सोळा.
समासात, जिथं काही लिहायचं नसतं तिथं:
खोकला, अकरा जणांचा.
काल किती होता, मोजला नव्हता.